एका घराच्या सहा डब्या

प्रवासाहून परतलं की शेजारीपाजारी विचारतात, "काय आणलंत?" महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणता येते, कोकणातून फणसाची साटं आणता येतात. मी शिरूर-दौंडच्या बाजूने खोकंभर प्लॅस्टिकच्या डब्या आणल्या आणि त्यांत काय आहे ते विचारणाऱ्याला खरंखरं सांगितलं. समोरच्या काकू अर्ध्या जिन्यातून परत फिरल्या.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. वीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांची शी तपासते आहे, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही. लोक खोटं बोलतात, शी बोलत नाही, असं मी नव्या मुलींना शिकवते. आमच्या मोठ्या डॉक्टरांना पाहायचं होतं की शहरी वस्तीतल्या माणसांच्या पोटात आणि शेतावरच्या माणसांच्या पोटात एकच जंत असतात की वेगवेगळे. त्यासाठी पाच दिवस, तीन गावं: एक कारखान्यालगतची कामगारवस्ती, दोन शेतीची. उत्तर मला निघायच्या आधीच ठाऊक होतं: खेड्यात फार, शहरात थोडे. नुसतं जाऊन मोजून यायचं होतं. तेव्हा मोबाइल सगळ्यांच्या हातात आला नव्हता, त्यामुळे पाच दिवस मला कुणी काही विचारणार नव्हतं. याचा आनंद वेगळाच होता.

सोमवार, कारेगाव

एसटीत लाकडी पेटीतला मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने पेटीवर टिचकी मारली. "भजनाला का, ताई?"

"हो, सप्ताह आहे," म्हटलं. वाघोलीपर्यंत तो मला अभंग म्हणायचा आग्रह करत होता.

कारेगावात उतरलं की कळतच नाही की गावात आलोय की कारखान्याच्या मागच्या दारात. बाजरीच्या शेतात दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा उठल्या आहेत. वर पत्रे, समोर मोटारसायकली, दोन रांगांच्या मधे मालकाने हट्टाने ठेवलेला ज्वारीचा पट्टा. एका रांगेला एक नळ आणि टोकाला एक संडास. शिफ्ट सुटायच्या वेळी त्या संडासापुढे बादल्यांची रांग लागते, माणसं नंतर येतात. आपली बादली पुढे सरकवायचं काम शेजारीण करते.

मी डब्या वाटल्या. लातूरकडच्या रेखाने आधी मला चहा दिला, मग बसायला पाट दिला, मग डबी उलटसुलट करून पाहिली. तिचा नवरा रात्रपाळी करून पांघरुणात झोपला होता. पलीकडच्या खोलीतला बिहारचा माणूस दारात येऊन उभा राहिला. "मैडम, कंपनी को रिपोर्ट जाएगा क्या?"

"नहीं जाएगा," मी म्हटलं.

"पक्का?"

"भैया, तुम्हारी कंपनी को और भी काम होंगे," म्हटल्यावर सगळी चाळ हसली आणि त्याने डबी घेतली. रेखाने मात्र मला सोडलं नाही. "आमच्या घेता, मग तुमची कुठंय डबी?" बाकीच्या बायकाही थांबल्या. आता नाही म्हणणं शक्यच नव्हतं. मीही एक डबी उचलली आणि तिच्यावर माझं नाव घातलं. त्या दिवशी मला कारेगावात मान मिळाला तो तेवढ्यावर.

मंगळवार, कारेगाव ते न्हावरे

सकाळी डब्या आल्या त्या पाहून मी थक्क झाले. प्रत्येकीवर कागदाची पट्टी, तिच्यावर नाव, वय, तारीख आणि खाली शिफ्टसुद्धा. "सेकंड शिफ्ट" असं लिहिलेला असा नमुना मी जन्मात पाहिला नव्हता. कंपनीत हात लावाल त्या वस्तूला लेबल लागतं, तीच सवय. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, पोरांची वेगळी.

रेखाच्या खिडकीतल्या उजेडावर मी तपासायला बसले. आरसा उन्हाकडे वळवला की काम होतं, विजेचा भरवसा नको. आणि माझं घरून आणलेलं उत्तर तिथेच डळमळलं. लहान मुलांच्या डब्यांत गोल जंतांची अंडी एकामागून एक. खरबरीत, पिवळीतपकिरी, ओळखायला सोपी. शेतात काम करणाऱ्यांच्या पोटात जो बारीक रक्तपित्या जंत असतो, अंकुशकृमी, तो मात्र जवळजवळ नाहीच. कारण साधं होतं. या लोकांच्या पायाखाली फरशी आणि पायात दिवसभर चप्पल. पण एका नळावर घाईघाईने धुतलेले हात, त्याच हाताने भरवलेला घास. इथे जंत हातावरून तोंडात जात होते.

माझ्या डबीतही एक अंडं सापडलं. कोपऱ्यात एकटंच होतं. मी ते तीनदा पाहिलं. मंडईतून आणलेली गाजरं मी न धुता, चालता चालता खाते हे मला ठाऊक होतं, पण असं समोर दिसेल असं वाटलं नव्हतं. रेखाला सांगितलं तर ती म्हणाली, "तरी म्हटलं, पुण्याच्या बाईच्या पोटात काय असतंय बघू." सगळ्यांना गोळ्या दिल्या. एक मीही घेतली.

दुपारी शिरूरहून न्हावऱ्याची एसटी धरली. खिडकीबाहेर ऊस, मधे कांद्याचे वाफे, प्रत्येक चौथ्या घरापुढे दूध घालायच्या किटल्या. डिसेंबरचा महिना, कांद्याची लागवड जोरात. बायका ओल्या वाफ्यात घोट्याएवढ्या चिखलात वाकून रोपं खोचत होत्या. सगळ्या अनवाणी.

गावच्या पवार सिस्टर मला घ्यायला आल्या. इंजेक्शनाच्या पेटीसकट गावभर सायकलवर हिंडणारी ही बाई मला पहिल्या क्षणी आवडली. त्यांच्या मागोमाग आप्पांच्या घरी गेले. आप्पा म्हणजे घरचे कर्ते, पासष्टीचे, पायात कायम चामडी जोडा, कारण आता शेतात उतरायचं काम पोरं करतात. त्यांची बायको आक्का, दोन मुलगे, थोरली सून मंगल आणि धाकटी संगीता. सहा माणसं, सहा डब्या.

आक्कांनी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं काळ्या मसाल्याचं कालवण, फोडलेला कांदा. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तो तोंडाने. इथे आग्रह बोलत नाही, थेट ताटात पडतो. तिसऱ्या भाकरीला मी हात आडवा धरला तर ती हातावर पडली.

वाढत होती ती संगीता. वीस-एकवीस वर्षांची, नखं पांढरी, ओठ पांढरे, चुलीपासून माझ्या ताटापर्यंत आली तरी धाप लागलेली. आत वळताना तिने चुलीच्या कडेचा मातीचा तुकडा नखाने उचकटला आणि तोंडात टाकला. मी पाहिलं हे तिने पाहिलं. रक्त फार कमी झालं की बायकांना अशी माती खावीशी वाटते, हे मला पाठ आहे.

"हिला बरं नाही का?" मी विचारलं.

"बरं न्हाई म्हंती," आक्का म्हणाल्या. "दोन वरसं झाली लग्नाला, तवापास्नं ह्येच. चार रोपं लावली की बांधावर बसती. मंगल बी बाईच हाय की. ती न्हाई बसत."

आक्कांनी मग सरळच सांगितलं. शुक्रवारी संगीताचा भाऊ येणार होता, श्रीगोंद्याकडून. "तुमच्या तपासणीत काय निघालं तर औषद करू. काय न्हाई निघालं तर न्या म्हणावं बहिणीला, आन् तिकडंच ठिवा. आमाला काम करणारी सून पायजे, निजणारी न्हाई."

मी म्हटलं, "आक्का, उद्या संध्याकाळी उत्तर देते. माझा डोळा चुकत नाही." हे वाक्य मी त्या घरात, त्या पोरीच्या देखत बोलले.

बुधवार, न्हावरे

ओट्यावर सहा डब्या ओळीने मांडलेल्या. झाकणं घट्ट, बाहेरून पुसून घेतलेल्या. नावं सिस्टरांनी आदल्या दिवशीच घातली होती. सिस्टरांच्या खोलीबाहेर बाकड्यावर मायक्रोस्कोप मांडला आणि संगीताची डबी सगळ्यात आधी घेतली. अंकुशकृमीची अंडी दिसणार हे मला माहीत होतं.

काही दिसलं नाही. दुसरी काच केली, तिसरी केली. मेथीचे तंतू, तुरीचं साल, बाकी स्वच्छ. उरलेल्या पाचही तशाच. मी वहीत लिहिलं: "सहाही नमुने सारखे. एक चूल, एक आहार. जंत नाहीत." हे लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, तेही सांगून टाकते.

संध्याकाळी जाऊन सांगितलं. रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, दवाखान्यात दाखवा, हे सगळं मी म्हटलं. पण आक्कांनी पहिलंच वाक्य धरलं.

"म्हंजी पोटात काय न्हाई."

"डबीत तरी काही नाही."

"मग काय हाय त्ये आमाला ठावं हाय," आक्का म्हणाल्या आणि उठल्या. आप्पा जोडा घालून गोठ्याकडे गेले. संगीता दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे पाहत होती. तोंड उघडलं, पण सासऱ्यांची पाठ दिसली तशी मिटलं. ती बिचारी आजारी आहे हे माझं मन सांगत होतं, पण मी मनाचं ऐकलं नाही, काचेचं ऐकलं.

गुरुवार आणि शुक्रवार, भांडगाव

न्हावऱ्याहून चौफुल्याची एसटी भीमेच्या पुलावरून जाते. नदी ओलांडली की दौंड तालुका, आणि केडगावच्या अलीकडे गुऱ्हाळांचा वास गाडीत शिरतो. ताज्या गुळाचा वास घेत कुणी उदास राहू शकत नाही असं मला वाटायचं. त्या दिवशी राहिले.

भांडगावात ज्या वस्तीवर गेले ती माणसं एके काळी मेंढरं घेऊन आठ महिने फिरणारी. आता जमिनींना कालव्याचं पाणी आलं, घरं बांधली, मेंढरं विकली. तरी दारात कुत्री चार आणि दावणीला गाय एक. घरचे मोठे ते मामा. फेटा, मिशा, आणि अंगणात उभी केलेली एम-एटी फटफटी, तिच्यावर घोंगडी घालून झाकलेली. मेंढरांनंतर जीव लावावा असं तेवढंच उरलं, असं ते स्वतःच म्हणाले. त्यांच्या बायकोला सगळे मामी म्हणत. मामींनी मला दुधात भिजवलेली भाकरी आणि गूळ दिला. पुण्यात कुणी मला सकाळी आठ वाजता दूधभाकरी दिली असती तर मी आजारी आहे का म्हणून विचारलं असतं. तिथे दोन वाट्या खाल्ल्या.

शुक्रवारी सकाळी मामींनी पाच डब्या आणून ठेवल्या. ओळीने, पुसून, झाकणं घट्ट. मी सहज म्हटलं, "पाचही जणांचं सकाळी सकाळी झालं? नशीबवान घर आहे."

मामी हसल्या. "पाच जणांचं कुठलं? समदं मामांचंच हाय. वाटून भरलंय."

"वाटून?"

"मग? कर्त्याचं दिलं म्हंजी घराचं दिलं की. रेशनला ह्यांचाच अंगठा, सोसायटीत ह्यांचंच नाव. आन् सुनांनी आसलं सासऱ्याम्होरं आणून ठिवायचं म्हंजी बरं दिसतं का?"

माझ्या हातातली डबी खाली ठेवायला मला जागा सापडेना. मी वही काढली. "सहाही नमुने सारखे." मेथीचे तेच तंतू, तुरीची तीच सालं. एका चुलीवर जेवणाऱ्या सहा माणसांच्या पोटातसुद्धा इतकं सारखं कधी निघत नाही, हे कुठल्याही शिकाऊ मुलीला कळलं असतं. ते आप्पांचं होतं. दोन-चार वर्षांत चिखलात पाय न घातलेल्या, जोडा न काढणाऱ्या आप्पांचं. सहा डब्या भरून. आणि त्यावर मी त्या पोरीचा निकाल लावला होता.

मामींना सगळं सांगितलं. त्या डोक्यावरचा पदर सावरून आत ओरडल्या, "आवं, गाडी काढा! बाईला न्हावऱ्याला सोडायचंय, पोरीचा भाऊ न्यायला आलाय तिला!"

घोंगडी बाजूला झाली, मी मागे बसले, पेटी दोघांच्या मधे. उसाच्या बैलगाड्यांच्या मागून, पुढून, एकदा तर पाटाच्या चारीच्या कडेने मामा गाडी हाणत होते. पारगावजवळ फेटा उडाला. मी थांबा म्हटलं तर म्हणाले, "येताना घिऊ. कोण न्हेत न्हाई माझा फेटा."

शुक्रवार दुपार, न्हावरे

भाऊ आला होता. ओट्यावर पाणी पिऊन बसला होता, शेजारी कापडी पिशवी आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंक म्हणजे पंधरा दिवसांचं माहेरपण नव्हे, हे न सांगता कळतं. संगीता पदर खांद्यावरून घेऊन उंबऱ्याच्या आत उभी होती.

मी उभ्या उभ्याच बोलले. "आक्का, माझं चुकलं. परवा मी तपासलं ते संगीताचं नव्हतंच. सहाही डब्या आप्पांच्या होत्या. खरं ना?"

आक्का जराही दचकल्या नाहीत. "व्हय. मग काय झालं? घर एकच हाय."

"घर एक आहे, पोटं सहा आहेत. वाफ्यात अनवाणी कोण उतरतं? आप्पा उतरतात?"

आप्पांनी जोड्याकडे पाहिलं. मी सगळ्यांना सांगितलं की रक्त पिणारा एक बारीक जंत असतो, तो खाण्यातून येत नाही. उसाच्या कडेला आपण जिथे बसतो तिथल्या ओल्या मातीत त्याची पिल्लं असतात, ती तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. भाऊ तोंड वासून ऐकत होता. "कारेगावात फरशीवर राहणाऱ्यांना हा नसतो. त्यांना दुसरा असतो. मलासुद्धा निघाला," मी म्हटलं. अंगावर घेतलंच होतं, तर सगळंच घेतलं.

"नवी डबी पायजे म्हणा की," आक्का म्हणाल्या. "आता? समद्यांम्होरं?"

आप्पा बसले होते, भाऊ बसला होता, मामा फेट्याशिवाय अवघडून दाराबाहेर उभे होते. मी डबी पुढे धरली. मला वाटलं सिस्टरांना बोलवावं, बायकांनी बायकांत करावं. तेवढ्यात संगीताने माझ्या हातातून डबी घेतली आणि उसाकडे निघून गेली.

परत आली ती मागच्या दाराने नाही. अंगणातून, भावासमोरून, सासऱ्यांसमोरून, हातात डबी उघडपणे धरून आली. माझ्यासमोर ठेवली.

"ही माजी हाय," ती म्हणाली. "परवाची माजी नव्हती. मला तवाच ठावं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?" आक्कांनी विचारलं.

"कुणाम्होरं बोलू?"

ओट्यावरच पेटी उघडली. आरसा उन्हाकडे केला. पहिल्याच काचेत अंडी होती. पातळ पारदर्शक कवच, आत चार-चार गोळे. एका नजरेत किती, ते मोजायचं मी सोडून दिलं. मी बाजूला झाले आणि आक्कांना म्हटलं, "बघा."

आक्कांनी एक डोळा हाताने झाकला आणि वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या आणि पदराने मायक्रोस्कोपच्या नळीचं तोंड पुसलं, जणू त्यांच्यामुळेच ते खराब झालं होतं.

"ह्ये समदं तिच्या पोटात?"

"दोन वर्षं. मंगलच्याही निघेल, तुमच्याही. तिला रक्त आधीच कमी असेल, म्हणून ती बसली. आळशी नाही ती."

गोळ्या मी सहा जणांच्या दिल्या. संगीताला रक्ताच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, सिस्टर आणून देणार होत्या. आक्का भावाकडे वळल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "ट्रंक आत ठिवा. जेवून जावा. पोरगी ऱ्हाईल हितंच. औषद करू."

मला सुटल्यासारखं झालं. माझी चूक मी निस्तरली होती, वेळेत पोचले होते. मी पेटी बंद करायला घेतली.

"म्या जाते," संगीता म्हणाली.

ट्रंक आत घ्यायला वाकलेल्या आक्का सरळ झाल्या.

"गोळ्या तिकडं खाईन. दोन वरसं म्या सांगत व्हते, आत्याबाई. तुम्हाला नळीत दिसलं तवा खरं वाटलं." तिला धाप लागली होती, पण तिने थांबून श्वास घेतला आणि पुढचं पुरं केलं. "मला माघारी न्यायचं आसंल तर दुसऱ्या कुणाला धाडू नगा. तुम्ही सवता या."

तिने पिशवी स्वतः उचलली. ट्रंक भावाने घेतली. आप्पा उठून उभे राहिले. मामा मला सोडून परत निघणार होते ते थांबले आणि ट्रंक गाडीवर बांधून त्या दोघांना एसटीच्या फाट्यापर्यंत नेऊन आले. मी आणि आक्का ओट्यावर बसून राहिलो. त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि मी तो मागितला नाही.

पुण्याला आल्यावर मी अहवाल लिहिला. शहरी वस्तीत हा जंत, शेतावर तो जंत, कारणं अशी, उपाय असे. डॉक्टर खूश झाले. न्हावऱ्याच्या त्या घरापुढे मी "नमुने पुन्हा घ्यावे लागले" एवढंच लिहिलं. माझी चूक मी डॉक्टरांना तोंडाने सांगितली, कारण ती लिहायला अहवालात रकाना नव्हता.

मार्चमध्ये पवार सिस्टरांचं पोस्टकार्ड आलं. आक्का स्वतः एसटीने दोनदा श्रीगोंद्याकडे जाऊन आल्या होत्या. पहिल्या खेपेला संगीता आली नाही. दुसऱ्या खेपेला आली.